पिवळ्या स्वेटरची पाच बटणं

आक्काच्या हातचं बटण तुटलं म्हणून परत आलं, असं चाळीस वर्षांत एकदाही झालं नव्हतं. झालं असतं तर तिने ते आणणाऱ्याच्याच डोक्यात मारलं असतं.

खाली दुकान, वर कारखाना आणि मागे राहायच्या तीन खोल्या, एवढाच तिचा पसारा. दुकानात भिंतभर लाकडी खण होते आणि प्रत्येक खणाच्या तोंडावर आत असेल ते बटण शिवलेलं होतं. शिंपल्याचं असेल तर शिंपल्याचं, शिंगाचं असेल तर शिंगाचं. चिठ्ठ्या डकवायची पद्धत त्या घरात नव्हती, कारण आक्का शाळेची पायरी चढली ती उतरण्यापुरतीच. "अक्षरं मला ओळखत नाहीत, मी अक्षरांना ओळखत नाही. आमचं भांडण नाही," असं ती म्हणायची. पण संध्याकाळच्या उजेडात, चष्म्याशिवाय, एका फटक्यात सुईत दोरा ओवायची. वय एकाहत्तर. डोळ्यांचा तिला भारी गर्व होता, आणि तो ती लपवतही नव्हती.

वरच्या लांबट खोलीत एकच मोठी खिडकी होती. तिच्याखाली बटणं गोल कातायचं यंत्र, शेजारी भोकं पाडायचं टेबल, आणि कोपऱ्यात आक्काचा बाक. तिथे शेवटचा हात फिरायचा. पत्र्याच्या डबीतलं मेण अंगठ्यावर घ्यायचं आणि बटणाच्या कडेने फिरवत राहायचं, ते बटण बोटाला ऊब देईपर्यंत. हे मेण घरचं होतं, आक्काच्या सासूकडून आलेलं. त्यात मेणाशिवाय आणखी दोन गोष्टी पडत. त्या कोणत्या, हे आक्काने सुनेला सांगितलं नव्हतं.

"मरायच्या आदल्या दिवशी सांगेन," ती म्हणायची.

"आदला दिवस कोणता ते आधी कळवा म्हणजे झालं," सून म्हणायची. सून भोकं पाडायची आणि टोमणेही तितकेच नेमके मारायची. दोघींचं पटत नव्हतं असं नाही. बोलल्याशिवाय पटत नव्हतं, एवढंच.

त्या मेणाची ख्याती अशी, की एकदा बसलं की बसलं. धुवा, घासा, उकळत्या पाण्यात टाका, चमक जायची नाही. "आमच्या मेणाला सुटायचं माहीत नाही," हे आक्का गिऱ्हाइकाला छाती ठोकून सांगे.

आणि त्या घरात ठिपकी होती. आक्काची नात, नऊ वर्षांची. जन्मली तेव्हा एवढीशी होती की आक्काने दुपट्यात पाहून विचारलं होतं, "हा काय ठिपका आणलात?" तेच नाव चिकटलं. आक्का कोणाचं ऐकत नसे, ठिपकीचं ऐके. सकाळी शाळेच्या आधी दोघींचा एक ठरलेला व्यवहार असायचा. ठिपकीच्या पिवळ्या स्वेटरला पाच बटणं होती, एकाच शिंपल्यातून आक्काने स्वतः कापलेली, आणि ती आक्काच लावायची, खालून वर. मग आक्का उजवा हात पुढे करायची. तिच्या कामाच्या डगल्याच्या उजव्या बाहीला एक बटण होतं. डाव्या हाताचा अंगठा आखडलेला, त्यामुळे ते तिला एकटीला लागत नसे. जगाला बटणं पुरवणारी बाई, स्वतःची बाही मात्र नातीकडून लावून घ्यायची. ठिपकी जीभ बाहेर काढून, सावकाश, दोन्ही हातांनी ते बटण घरात सारायची आणि वर एक थाप मारायची.

"पाचाला एक. तू लुबाडतेस मला, आक्का."

"तुझी पाच सोपी आहेत. माझं एक अवघड आहे."

दिवाणखान्याच्या दारात चौकटीवर कात्रीच्या टोकाने मारलेल्या आडव्या रेघा होत्या. दर वाढदिवसाला एक. नववी रेघ आक्काच्या छातीशी आली होती.

फोटोंचं खूळ आणलं ते मुलाने. पण खूळ तरी कसं म्हणावं, शिंपी आता दुकानात येऊन खण उघडत नव्हते. दूरदूरच्या गावांतून निरोप यायचे, आधी चित्र पाठवा. मुलाने एक जुनी मॅक्रो लेन्स आणली. कोणाच्या तरी बंद झालेल्या स्टुडिओतली, काळी, आखूड, हाताला जड. ती बटणाला नाक लागेल इतकी जवळ जायची. चार भोकांमधले ओरखडे, शिंपल्यातले गुलाबी-हिरवे पदर, सगळं कॅमेऱ्याला जोडलेल्या पडद्यावर बशीएवढं दिसायचं.

"हिचं असं आहे," त्याने आईला समजावलं. "हिला जे स्पष्ट दिसतं ते कागदाच्या जाडीएवढंच. त्याच्या पुढचं-मागचं सगळं विरघळतं. तोंड जेवढं मोठं उघडू तेवढं जास्त विरघळतं."

"म्हणजे एकाच गोष्टीकडे बघते आणि बाकीच्यांना विसरते," आक्का म्हणाली. "तुझ्या बापासारखी."

पहिले फोटो आले ते बघून तिने नाक मुरडलं. बटण झकास होतं, पण मागे राखाडी भिंत. "कोणी गेलंय का मागे? एवढं सुतक कशाला?" मुलाने रंगीत कागद लावून पाहिले. कागद विरघळूनही कागदच दिसत होता. तेव्हा आक्काने हुकूम सोडला. "घरातलं माणूस बसव मागे. माणसाची ऊब येते चित्राला. कागदाला कुठली ऊब?"

सून म्हणाली, "मला भोकं पाडायची आहेत."

ठिपकी म्हणाली, "मी बसते!"

टेबलाच्या पलीकडे चार हातांवर स्टुलावर ती बसली, पिवळं स्वेटर घालून. आणि खरंच, ते चित्र पाहून आक्काचं मुरडलेलं नाक सरळ झालं. पुढे शिंगाचं काळंभोर बटण, कड अशी की बोट कापेल. आणि मागे पिवळा मऊ ढग. त्याला ना डोकं ना हात, पण बघताक्षणी कळायचं की हे जिवंत आहे.

मग मुलाला सुचलं की बटणाच्या कडेलाही जराशी धुंदी हवी. त्यासाठी लेन्सपुढे एक गोल काच बसवायची आणि तिच्या कडेकडेने ओठांना लावायचं मलम फिरवायचं, मधला भाग कोरा सोडून. त्याने ते लावलं तर काचेवर चिखल झाला.

"सरक," आक्का म्हणाली. "अंगठ्याचं काम आणि तू?" तिने एका फेरीत असं कडं काढलं की कंपासाने काढलंय वाटावं. पण दिव्याच्या उष्णतेने मलम वितळून ओघळायचं. दोन दिवस तिने ते पुसपुसून पुन्हा लावलं. तिसऱ्या दिवशी तिने आपली पत्र्याची डबी उघडली.

"आक्का, ते निघणार नाही," मुलगा म्हणाला.

"निघायला कशाला हवंय? रोजची कटकट गेली."

तिने काच बोटाला ऊब देईपर्यंत अंगठा फिरवला.

त्या थंडीत तीनशेवर बटणांचे फोटो झाले. रोज शाळेतून आल्यावर तासभर ठिपकी स्टुलावर बसायची. आक्का बाकावरून ओरडायची, "हलू नकोस."

"हलले तर काय झालं? मी नाहीतरी धुकंच आहे," ठिपकी म्हणायची, आणि दोघी हसायच्या.

पहिल्यांदा काही वाटलं ते एका सकाळी, वेणी घालताना. आक्काला ठिपकीच्या डोक्यावर भांग सापडेना. केस होते, हाताला लागत होते, पण एकेक केस जसा दिसतो तसा दिसत नव्हता. सगळं डोकं एका मऊ काळ्या गोळ्यासारखं. तिने डोळे चोळले. खिडकीबाहेर पाहिलं, समोरच्या छपरावरच्या पाखराच्या पायातलं कडंसुद्धा दिसलं. पुन्हा डोक्याकडे पाहिलं. तिने बोटाने चाचपून भांग पाडला.

"आक्का, भांग वाकडा पाडलात," सून म्हणाली. "आता चष्मा घ्या. लाज कसली त्यात?"

"तू पाडून दाखव."

सुनेने वेणी सोडली आणि फणी हातात घेतली. बराच वेळ ती तशीच उभी राहिली. मग तिने भांग पाडला. तोही वाकडा.

आठवड्याने शाळेतून चिठ्ठी आली. मुलगी तीन दिवस गैरहजर का? सून तरातरा शाळेत गेली. बाई भल्या होत्या, खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. "मी हाक मारली," त्या म्हणाल्या. "उत्तर आलं नाही."

"मी हात वर केला होता," ठिपकी घरी रडत म्हणाली. "दोन्ही हात वर केले होते."

आक्काने ठरवलं की डोळे आपलेच बिघडलेत. असं ठरवणं तिला सोपं गेलं नाही, पण दुसरं काही ठरवण्यापेक्षा सोपं होतं. ती डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली आणि ठिपकीला बरोबर नेलं. डॉक्टरने भिंतीवरचा तक्ता दाखवला. अक्षरं वाचता येत नाहीत म्हटल्यावर तो हसला, "मग दिसतं ते सांगा, आजी."

"सगळ्यात खालच्या ओळीत पहिलं पोट सुटलेलं आहे, दुसऱ्याला शेपूट आहे, तिसऱ्यावर माशी बसून गेलीय."

डॉक्टर उठून तक्त्याजवळ गेला, वाकला, आणि म्हणाला, "आजी, माझ्यापेक्षा तुमचे डोळे चांगले आहेत." बोलता बोलता त्याने काचांची जड लाकडी पेटी उचलली आणि शेजारच्या खुर्चीवर ठेवली.

त्या खुर्चीवर ठिपकी बसली होती.

"आई गं!" ती कळवळली. डॉक्टरने दाराकडे पाहिलं. "बाहेर कोणाचं मूल रडतंय का?"

आक्काने पेटी उचलली, ठिपकीचा हात धरला आणि बाहेर पडली. एरवी तिने त्या डॉक्टरची सात पिढ्यांची हजेरी घेतली असती. रस्ताभर तिने हात घट्ट धरला होता. हात गरम होता, हाडं लागत होती, नखं लागत होती. खाली बघितलं की मनगटापासून पुढे पिवळी ऊब तेवढी दिसत होती.

त्या रात्री जेवायला सुनेने तीन ताटं मांडली. तिघं जेवायला बसले. आक्काने दोन घास खाल्ले, मुलगा पाणी प्यायला, आणि मग टेबलाच्या चौथ्या बाजूने आवाज आला, "मला?"

सून उठली. चौथं ताट तिने कपाटातून काढलं, पण टेबलावर ठेवलं नाही. ते पोटाशी धरून ती तिथेच खाली बसली. "मी हिला विसरले," ती म्हणाली. "मी हिला विसरले हो, आक्का."

आक्काच्या जिभेवर आलेलं तिने गिळलं. कारण त्याच सकाळी ती स्वतः स्वेटरची बटणं न लावता ठिपकीच्या शेजारून सरळ निघून गेली होती. दहा पावलं गेल्यावर उजवी बाही लोंबत असलेली दिसली, तेव्हा आठवण झाली.

दुसऱ्या दिवसापासून फोटो बंद झाले. स्टूल उचललं. मुलाने ती गोल काच काढून टेबलावर ठेवली आणि आईकडे पाहिलं.

"पूस," आक्का म्हणाली.

"निघेल का?"

"पूस म्हणते ना!"

त्याने फडक्यावर स्पिरिट घेतलं. हात लावला मात्र, मेणाचं कडं सबंधच्या सबंध सुटलं, फळाची साल सुटावी तसं, आणि टेबलावर पडलं. चाळीस वर्षांत कधी न सुटलेलं मेण. आक्काने ते उचललं. ते गार होतं आणि त्यावर तिच्या अंगठ्याची रेघन् रेघ उमटली होती.

काच लख्ख झाली. तिघांनीही एकदम दाराकडे पाहिलं. ठिपकी दारात उभी होती. तशीच.

"गेलं का?" तिने विचारलं.

"जाईल हं," बाप म्हणाला. "हळूहळू जाईल."

मग त्याला एक उपाय सुचला. मागे बसवून झालं ना? मग आता पुढे बसवू. जिथे बटण ठेवत होतो तिथे. आक्काला त्यात दम वाटला, आणि सुनेने तर पोरीचं तोंड धुऊन, केस विंचरून तिला टेबलाजवळ आणलं. खिडकीतून दुपारचं भरपूर ऊन येत होतं. ठिपकीने दोन्ही कोपरं टेबलावर टेकली. मुलाने लेन्स तिच्या चेहऱ्यासमोर आणली आणि गोल कडं फिरवायला लागला. आक्का आणि सून त्याच्या मागे, पडद्याकडे डोळे लावून.

पडद्यावर पिवळं-तपकिरी धुकं. त्याने कडं एका टोकापर्यंत फिरवलं. धुकं. दुसऱ्या टोकापर्यंत. धुकं. तो लेन्स पुढे पुढे नेत राहिला.

"बाबा, नाकाला लागतंय," ठिपकी म्हणाली.

लेन्सची कड तिच्या नाकाला टेकली होती. पडद्यावर धुकंच होतं. मुलगा मागे सरकला.

"ही समोर नाहीये," तो म्हणाला.

"काय बरळतोस? ही काय, बसलीय!"

"बसलीय समोर, आक्का. पण आहे मागे. किती जवळ गेलो तरी मागेच आहे."

त्याचा हात निसटला आणि लेन्सचं तोंड खाली कलंडलं. पडदा एकदम लखलखला. शिंपल्याचं बटण. चार भोकं, पिवळा दोरा, त्या दोऱ्याचा सुटलेला एक तंतू, पाण्यासारखे पदर. स्वेटरचं सगळ्यात वरचं बटण, बोट कापेल इतकं स्पष्ट. त्याच्यामागे स्वेटर नव्हतं. ढग होता.

"आक्का," ठिपकी म्हणाली. आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा आला. "तुम्ही सगळे इतक्या लांब का बसलात?"

त्यानंतर दिवस कसे गेले हे सांगण्यासारखं फार नाही. मुलाने लेन्स विकायची नाही, फोडायची नाही असं ठरवलं, कारण फोडली आणि आणखी काही फुटलं तर? ती कपाटात वरच्या फळीवर फडक्यात गुंडाळून राहिली. मोठ्या डॉक्टरांकडे जाऊन यावं म्हटलं, तर डॉक्टरला दाखवायचं काय? शाळेतून चिठ्ठ्या यायच्या थांबल्या. सून विचारायला गेली तेव्हा बाईंनी अदबीने विचारलं, "कोणत्या मुलीबद्दल?" बाकावर तिसरी जागा रिकामीच असते, त्या म्हणाल्या, का कोण जाणे, तिथे कोणी बसत नाही.

शेजारीण एकदा दुकानात आली, चार बटणं घेतली, आणि जाता जाता म्हणाली, "आक्का, तुमच्याकडे एखादं लहान मूल हवं होतं. घर भरल्यासारखं वाटलं असतं."

आक्का खणाकडे तोंड करून उभी राहिली.

धुकं पातळ होत गेलं. आधी चेहरा गेला, मग केसांचा काळेपणा, मग पिवळा रंग. उन्हाळ्याच्या तोंडाशी राहिली ती पाच बटणं. ती हवेत एका सरळ रेघेत दिसायची, जिन्यावरून खाली येताना, दिवाणखान्यात, आक्काच्या बाकाशेजारी. ती नुसती दिसायची नाहीत, चमकायची. कधी अचानक पाचही नाहीशी होत. तेव्हा पोरीने पाठ फिरवलेली असते, हे आक्काने ओळखलं आणि सुनेला सांगितलं. सून त्यामुळे जरा सावरली. दोघी आता कमी भांडायच्या. सून चारच ताटं मांडायची, मोजून, बोट लावून. चौथ्या ताटातलं अन्न सकाळपर्यंत थोडं कमी झालेलं असायचं. किंवा तसं वाटायचं.

सकाळचा व्यवहार आक्काने सोडला नाही. खुर्चीत बसून ती हात पुढे करायची आणि चाचपून पाच बटणं लावायची, खालून वर. बोटांना लोकर लागायची. लोकरीखाली श्वास लागायचा. मग ती उजवा हात पुढे धरायची आणि थांबायची. पहिले काही दिवस बाही ओढली जायची, बोटं धडपडायची, पण बटण घरात जायचं नाही. पुढे ओढही लागेनाशी झाली. सून म्हणाली, "द्या, मी लावते." आक्काने हात मागे घेतला. बाही दिवसभर लोंबायची, मेणात बुडायची. तिला चालायचं.

वाढदिवस आला. आक्का कात्री घेऊन चौकटीशी उभी राहिली. बटणं आली. पाठ टेकवून उभी राहिल्यासारखी, सरळ, न हलता. आक्काने हाताने डोकं शोधलं. लागलं. तिने रेघ मारली. मागच्या रेघेपेक्षा दोन बोटं वर.

"वाढलीय," ती म्हणाली. सून भिंतीला टेकून हसली आणि रडली.

मग आक्काचं लक्ष बटणांकडे गेलं.

ती लहान दिसत होती.

तिने वरच्या बटणाला बोट लावलं. बोटाला ते तेवढंच लागलं, तिच्या हातचं, अंगठ्याच्या नखाएवढं. डोळ्याला मात्र ते वाटाण्याएवढं दिसत होतं. पुढच्या महिन्यात मसुरीएवढं. मग मोहरीएवढं. बोटाखाली तेवढंच, डोळ्याला दूर. रस्त्यावरून चालत जाणाऱ्या माणसाच्या हातातला दिवा जसा दिसतो तसं.

मुलाला ती दिसेनाशी झाली. मग सुनेला.

आता सगळं आक्काच्या डोळ्यांवर होतं. सून दिवसातून दहा वेळा विचारायची, भोकं पाडता पाडता, भांडी लावता लावता. "आक्का, आहे का?"

"आहे. जिन्यावर बसलीय."

"आक्का, आता?"

"खिडकीशी. बाहेर बघतेय. पाठ आहे इकडे, थोड्या वेळाने वळेल."

सून मान हलवायची आणि कामाला लागायची. आक्काच्या डोळ्यांवर तिचा पूर्ण भरवसा होता. सगळ्या गल्लीचा होता.

मोहरीची खसखस झाली. खसखशीचं सुईचं टोक झालं. आक्का खुर्चीत बसून श्वास धरून बघायची. डोळ्यांतून पाणी यायचं, ते पुसायला वेळ दवडायची नाही.

काल सकाळी ती नेहमीच्या वेळी खुर्चीत बसली. दोन्ही हात पुढे केले. हातांना काही लागलं नाही. तिने जरा पुढे वाकून पाहिलं. मग आणखी पुढे.

दारात ऊन होतं. चौकटीवरच्या दहा रेघा दिसत होत्या. पलीकडे जिना, जिन्याच्या कठड्यावरचा खिळा, खिळ्याच्या माथ्यावरचा गंज.

"आक्का," सून आतून म्हणाली. "दिसते ना?"

आक्का डोळ्यांबाबत आयुष्यात कधी खोटं बोलली नव्हती.

"दिसते," ती म्हणाली. "दारात उभी आहे."

"किती दिसतात?"

"पाच. पाचही."

आत भांडं ठेवल्याचा आवाज झाला. सून गुणगुणायला लागली.

तेव्हा आक्काच्या उजव्या बाहीला ओढ लागली.

अगदी हलकी. मग थांबली. मग पुन्हा लागली, सावकाश, दोन्ही हातांनी लागते तशी. आक्काने हात हलवला नाही. श्वास घेतला नाही. कापडावर एक थाप पडली.

बऱ्याच वेळाने तिने खाली पाहिलं. बाहीचं बटण लागलं होतं.

ते तिने स्वतः कातलेलं होतं, शिंगाचं, काळं, चार भोकांचं. तिने हात डोळ्यांजवळ आणला. आणखी जवळ आणला. नाकाला लागेपर्यंत आणला. पलीकडच्या खिळ्यावरचा गंज अजून लख्ख दिसत होता.

त्याची कड तिला काही केल्या नीट दिसेना.